प्रबंध कपाटात, अभ्यास गावात : गडचिरोलीतल्या संशोधनाची गोष्ट

आजच्या भागाचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा तर कॉलेजचा विषय झाला. पारंपरिक प्रबंध आणि उपयोजित संशोधन यांत फरक काय? परीक्षेत दहा मार्कांना येतो तसा प्रश्न. पण हाच प्रश्न गडचिरोलीत विचारला, की त्याचं उत्तर बाळं जगली की नाही, बांबू कुणाचा ठरला, इथपर्यंत जातं. म्हणून आज पुस्तकातल्या व्याख्या बाजूला ठेवू आणि इतिहास बघू.

आधी प्रबंधाचं कूळ पाहू. आज आपण ज्याला पीएच.डी. म्हणतो ती पदवी एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांत घडली. 1810 साली बर्लिनचं विद्यापीठ सुरू झालं आणि विद्यार्थ्याने स्वतः नवं ज्ञान शोधून ते मांडायचं, ही कल्पना तिथे पक्की झाली. तिथून ती अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आणि मग आपल्याकडे आली. सांगाडा तुम्हाला माहीतच आहे. प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधनपद्धती, विश्लेषण, निष्कर्ष आणि शेवटी शिफारशी. वाचणारे कोण? मार्गदर्शक आणि परीक्षक. मौखिक परीक्षा झाली, पदवी मिळाली, की काम संपलं. आता बघा, शिफारशींचं प्रकरण प्रत्येक प्रबंधात असतं, पण त्या कुणाला केल्यात आणि त्या पाळायच्या कुणी, हे सहसा कुणी विचारत नाही.

दुसरी परंपरा त्यामानाने तरुण आहे. कर्ट लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ जर्मनीतून अमेरिकेत गेले. त्यांनी 1946 मध्ये कृती-संशोधनाची कल्पना एका लेखात मांडली. थोडक्यात सांगायचं तर परिस्थिती बदलायचा प्रयत्न करा, काय होतं ते मोजा, त्यातून शिका आणि पुन्हा बदला. आपल्याकडे याचं जवळचं उदाहरण म्हणजे इरावती कर्वे. त्यांची पीएच.डी. बर्लिनची, विषय होता मानवी कवट्यांची मोजमापं. पुढे त्याच इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्यासोबत कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणी केली. ती 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. कवट्या मोजणारी विद्वान व्यक्ती धरणग्रस्तांच्या दारात जाऊन विचारते, तुमच्या जमिनीचं काय झालं? एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही परंपरा दिसतात.

आता येऊ आपल्या जंगलाच्या मुलखात. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्यानंतर चारेक वर्षांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग इथे आले. दोघंही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परतलेले. तिथे राहून किंवा एखाद्या मोठ्या संस्थेत बसून संशोधन करता आलं असतं. त्यांनी ठरवलं, प्रश्न जिथे आहेत तिथेच संशोधन करायचं. संस्थेचं नाव ‘सर्च’, आणि पुढे धानोरा रस्त्यावर जी वसाहत उभी राहिली तिचं नाव शोधग्राम. नावातच शोध आहे, बरं का.

पण सुरुवातीलाच एक धडा मिळाला, आणि तो अभय बंग यांनी स्वतः अनेकदा सांगितलाय. आल्या आल्या त्यांनी सिकलसेलची पाहणी केली. रक्ताचा आनुवंशिक आजार, आदिवासी भागात आढळणारा, शास्त्रीय दृष्टीने महत्त्वाचा. पाहणीतून आजार इथे आहे हे सिद्ध झालं. लोकांना मात्र त्यात फारसा रस नव्हता. कारण प्रश्न डॉक्टरांनी निवडला होता, लोकांनी नाही. संशोधन चूक नव्हतं, आकडे खोटे नव्हते. एखाद्या विद्यापीठात त्यावर उत्तम प्रबंध झाला असता. पण गावाच्या हाती त्यातून फारसं काही आलं नाही. पहिला फरक इथे कळतो : प्रश्न कुणाचा?

आता दुसरं उदाहरण घ्या. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या काळात सरकारच्या लेखी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, बस्स. बायका मात्र पांढऱ्या पाण्याबद्दल, पाळीबद्दल, पोटातल्या दुखण्याबद्दल बोलत होत्या. मग वसा आणि अमिर्झा या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी झाली. निष्कर्ष असा की 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि एकेका बाईला सरासरी 3.6 आजार. त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. जानेवारी 1989 मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे 1994 च्या कैरो परिषदेत जगाने लोकसंख्या नियंत्रणाच्या पलीकडे जाऊन प्रजनन-आरोग्याची भाषा स्वीकारली. त्या चर्चेला ज्या अभ्यासांनी बळ दिलं, त्यात गडचिरोलीची ही दोन गावं आहेत.

इथे एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे बरेच जण समजतात, उपयोजित म्हणजे जरा सैल, कमी शास्त्रीय, ‘समाजकार्यवाल्यांचं’. गडचिरोलीत नेमकं उलटं घडलं. ज्याच्या निष्कर्षावर उद्या औषध द्यायचंय, त्याला मोजमापात ढिलाई परवडतच नाही.

लहान मुलांच्या न्यूमोनियाचा अभ्यास बघा. 58 गावांत प्रशिक्षित माणसं न्यूमोनिया ओळखून औषध देणार, 44 गावं तुलनेसाठी. उपचाराच्या गावांत 612 रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के राहिलं, तुलनेच्या भागात ते 13.5 टक्के होतं. हा अभ्यास 1990 चा.

मग आला नवजात बाळांचा प्रश्न. 1995-96 मध्ये गावातच जन्मलेल्या 763 बाळांचं निरीक्षण झालं. निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरपर्यंत पोचली फक्त 2.6 टक्के. हा आकडा आला तेव्हा दवाखाना बांधा, गाडी द्या, अशा शिफारशी लिहून अहवाल बंद करता आला असता. त्यांनी उलटा विचार केला : बाळ दवाखान्यात जात नाही, तर दवाखाना बाळाच्या घरी नेता येईल का? गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. त्या काळी हे ऐकून भल्याभल्या डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या होत्या.

39 गावांत हे काम आणि 47 गावं तुलनेला. या 39 गावांत आधी हजार बाळांमागे 62 नवजात मृत्यू होते, ते तिसऱ्या वर्षी 25.5 वर आले. तुलनेच्या गावांत आकडा साठच्या आसपासच राहिला. डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं.

यातला नैतिक पेच लक्षात घ्या. ग्रंथालयात बसून लिहिलेल्या प्रबंधात ‘तुलनेचा गट’ हा तक्त्यातला एक रकाना असतो. इथे तुलनेचं गाव म्हणजे खरी घरं, खऱ्या बाळंतिणी. तिथल्या बाळाला आज ते उपचार मिळत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. आणि तुलना केलीच नाही, तर उपचाराने फरक पडतो हे सरकारला पटणार नाही, म्हणजे हजारो गावांतल्या बाळांना ते कधीच मिळणार नाहीत. याला सोपं उत्तर नाही. पण असं संशोधन करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. हा दुसरा फरक.

तिसरा फरक आहे संपण्याचा. प्रबंध पदवीशी संपतो. हा अभ्यास छापून आल्यावर खरं काम सुरू झालं, कारण टीकाकारांची शंका रास्त होती : काम करणारे तेच, मोजणारे तेच, आणि गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. मग दुसरीकडे तपासणी झाली. उत्तर प्रदेशात शिवगढला 2008 मध्ये घरोघरच्या कामातून नवजात मृत्यू 54 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. बांगलादेशात सिल्हेटला घट 34 टक्के होती. आकडे वेगवेगळे, दिशा एकच. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने बाळाच्या घरी भेटी देण्याची शिफारस केली. 2011 पासून आपल्या देशात आशाताई बाळाच्या घरी जाऊन वजन करू लागल्या. तुमच्या गल्लीत आशाताई वजनकाटा घेऊन येते ना, तिच्या पिशवीत गडचिरोलीचा तो अभ्यास आहे.

आता डॉक्टरांपासून थोडं दूर जाऊ. धानोरा तालुक्यातच मेंढा (लेखा) हे गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून तिथे अभ्यासगट रुजले. गंमत अशी की अभ्यासगट निर्णय घेत नाही. तो फक्त अभ्यास करतो. ज्याला रस असेल त्याने बसावं, बाहेरच्यानेही बसावं, प्रश्न विचारावेत. निर्णय घ्यायचा तो ग्रामसभेने, तोही सर्वसहमतीने. शहाणपण आणि सत्ता अशी वेगळी ठेवलेली आपल्याला मोठमोठ्या संस्थांतही दिसत नाही.

या अभ्यासाचं फळ काय? बांबूचं उदाहरण घ्या. 1927 च्या वन कायद्यात बांबू झाडांमध्ये धरलेला, म्हणून तो वनखात्याचा. 2006 च्या वनहक्क कायद्याने मात्र बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे तो ग्रामसभेचा. 2009 मध्ये मेंढ्याला 1809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो देणार कोण यावरून ताणाताणी झाली. शेवटी 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली. कायद्यातल्या एका शब्दाचा गावाने असा अभ्यास केला होता. त्यावर कुणाला पदवी मिळाली नाही. गावाला बांबू मिळाला.

मग पारंपरिक प्रबंध टाकाऊ का? अजिबात नाही. उपयोजित संशोधनाला घाई असते, निधी देणाऱ्याची मुदत असते, आणि आपलं काम यशस्वी ठरावं हा मोहही असतो. ज्याचा आज काहीच उपयोग दिसत नाही अशा प्रश्नामागे पाच वर्षं शांतपणे बसायची मुभा प्रबंधच देतो. गोंडी भाषेचं व्याकरण, माडिया कुळांची नाती, चांद्याच्या गोंड राजवटीचा इतिहास हे विषय ‘उपयोग काय’ असं विचारत बसलो तर कधीच लिहिले जाणार नाहीत. आणि पूर्वसंशोधनाचा आढावा घ्यायची शिस्त तर प्रबंधाकडूनच शिकायची. ‘लॅन्सेट’मधले ते अभ्यास त्या शिस्तीशिवाय उभे राहिले नसते.

आता हे सगळं आजच का सांगतोय? कारण 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांची पोरं-पोरी आता नागपूर न गाठता इथेच पीएच.डी. करतायत. ज्या गावांवर इतकी वर्षं बाहेरून येऊन लोकांनी लिहिलं, त्याच गावांतले विद्यार्थी आता लिहिणार आहेत. त्यांच्या हातात दोन्ही परंपरा आहेत. तेव्हा विषय निवडताना मार्गदर्शकाला जरूर विचारा, पण एकदा गावालाही विचारा. निष्कर्ष आले की परीक्षकांसाठी एक प्रत आणि ग्रामसभेसाठी मराठीत, जमल्यास गोंडीत, चार पानं. 2001 मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ या नावाने आला होता. नाव ऐकताच मुद्दा कळतो. विधिमंडळात, वर्तमानपत्रांत त्यावर चर्चा झाली, त्यात त्या साध्या मराठी नावाचाही वाटा आहे.

तर मंडळी, तुमच्या ओळखीत कुणी प्रबंध लिहीत असेल, तर त्यांना हा भाग जरूर ऐकवा. आणि तुमच्या गावावर कधी कुणी संशोधन केलं असेल, तर त्याची प्रत गावात आहे का, हे एकदा ग्रामपंचायतीत विचारून बघा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.