बोलपट आला, वादक उठले

मूकपट हा शब्द थोडा फसवा आहे. पडद्यावरची माणसे मुकी होती, पण थिएटर मुके नव्हते. आपल्याकडे पडद्यापाशी पेटी-तबला वाजत असे. अमेरिकेत लहान गावी एकटा पियानोवादक असे, तर मोठ्या शहरात ऑर्गन आणि अख्खा वाद्यवृंद. म्हणूनच हॉलिवूडच्या सुरुवातीच्या बोलपटांकडे आम्ही संवादांपेक्षा संगीताच्या बाजूने पाहतो.

६ ऑगस्ट १९२६ रोजी वॉर्नर ब्रदर्सचा ‘डॉन जुआन’ न्यूयॉर्कमध्ये झळकला. त्यात संवाद नव्हतेच. होते ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रित संगीत. व्हायटाफोन पद्धतीत १६ इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेई आणि एका रिळाला एक तबकडी लागे. सुई घसरली की चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे! पण मोठ्या शहरातला वाद्यवृंद आता कोणत्याही गावी ऐकवता येणार होता.

६ ऑक्टोबर १९२७ रोजी ‘द जॅझ सिंगर’ आला. हा चित्रपटही बराचसा मूकच होता. लोकांनी गर्दी केली ती अल जॉल्सनच्या गाण्यांसाठी आणि अधूनमधून तो बोलला त्या चार वाक्यांसाठी. मग गाण्यांचा पूरच आला. १९२९ च्या ‘द ब्रॉडवे मेलडी’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तेव्हा वेगवेगळे आवाज नंतर नीट मिसळण्याची सोय नव्हती. त्यामुळे वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून चित्रीकरणाच्या वेळीच वाजवत. याच चित्रपटातले एक नृत्यगीत पुन्हा चित्रित करावे लागले, तेव्हा वादकांना परत न बोलावता आधीचेच ध्वनिमुद्रण वाजवून त्यावर कलाकार नाचवले गेले. आधी गाणे, मग चित्रण ही पुढे रूढ झालेली रीत अशी हाताला लागली.

याची किंमत मोजली ती थिएटरातल्या वादकांनी. हजारोंची नोकरी गेली, आणि १९२९ च्या अखेरीस आर्थिक मंदीही आली. वादकांच्या संघटनेने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. त्यांत वाद्य वाजवणारा यंत्रमानव दाखवून ‘डबाबंद संगीता’ला नकार द्या, असे प्रेक्षकांना विनवले होते. प्रेक्षक काही थांबले नाहीत.

गंमत म्हणजे १९३० नंतर त्याच प्रेक्षकांना गाण्यांचा कंटाळा आला. काही तयार चित्रपटांतून गाणी कापली गेली. निर्मात्यांना आणखी एक शंका छळत होती: पडद्यावर वादक दिसत नसताना संगीत येते कुठून, असे लोक विचारतील. म्हणून १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’सारख्या भयपटातही संगीत जवळजवळ नाही.

ही शंका ज्यांनी मिटवली त्यांत व्हिएन्नात जन्मलेले मॅक्स स्टायनर आघाडीवर होते. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये नामावली संपल्यावर न्यूयॉर्कच्या प्रसंगांत संगीत नाही. जहाज धुक्यातून बेटाकडे सरकते तेव्हा वाद्ये हळूच सुरू होतात, आणि प्रेक्षक त्या अद्भुत जगात शिरतो. संगीत कुठून आले, हे कोणी विचारले नाही. त्याच वर्षी ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ने गाण्यांच्या चित्रपटांनाही पुन्हा उभारी दिली.

आपल्या प्रेक्षकांना मात्र ही शंका आलीच नसावी. संगीत नाटकावर पोसलेल्या मराठी माणसाला राजाने दुःखात पद गाणे अगदी स्वाभाविक वाटे. १९३२ च्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे हेच संगीतकारही होते. पण बोलपट आल्यावर इकडचाही पडद्यापाशी बसणारा पेटीवाला आणि तबलजी उठला. त्यांची नावे कुठल्या नामावलीत आली नाहीत.

आम्ही यंत्राला दोष देत नाही. जुनी गाणी आज घरोघर ऐकू येतात ती त्याच्याचमुळे. एवढेच सुचवावेसे वाटते की रेकॉर्ड लावणे कितीही सोपे झाले, तरी आरतीला पेटी-तबल्याची साथ करणारा कोणी आपल्यात असेल, तर मंडपात त्याची जागा राखून ठेवावी.