जोडट्रॉलीचा तोल

१९७६मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झालं, पैठण-गंगापूरच्या शिवारात ऊस वाढला आणि बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आल्या. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. म्हणून गाडीवान मोळ्या आसाच्या जरा पुढे रचतो. एका आसाच्या ट्रेलरलाही हेच लागू आहे. वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर नसेल, तर वेग वाढताच मागचं टोक डावी-उजवीकडे झोके घेतं.

कोणी म्हणेल, उसाची ट्रॉली चार चाकांची, तिचा भार हुकावर येतच नाही. खरं आहे. पण तिचं दुखणं वेगळं. पिन झिजून भोकात ढिली होते; ट्रॅक्टरचा बारीकसा हेलकावा पहिल्या ट्रॉलीत वाढतो, दुसरीत त्याहून जास्त, आणि उंच रचलेला ऊस त्यात भर घालतो. बैलांच्या चालीत असे दोष झाकून जात, महामार्गावर ते उघडे पडतात. म्हणूनच सगळा दोष चालकावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ट्रॉली भरते टोळी, पिन बदलायची असते मालकाने, आणि भाडं ठरतं टनावर. झोके सुरू झाल्यावर चालकाने स्टिअरिंग सरळ धरावं, अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, ब्रेक जोरात दाबू नये. त्याच्या हातात तेवढंच असतं.