हस्तचलित आणि स्वयंचलित फोकस भिंगे

छायाचित्रणात विषयाची स्पष्ट प्रतिमा फिल्मवर अथवा संवेदकावर उमटावी यासाठी भिंगातील काचा पुढेमागे सरकवण्याच्या क्रियेला फोकस साधणे म्हणतात. ही क्रिया छायाचित्रकार भिंगावरील कडे फिरवून स्वतः करतो, तेव्हा ते हस्तचलित फोकस भिंग होय. कॅमेऱ्याच्या आज्ञेनुसार मोटर हे काम करत असल्यास ते स्वयंचलित फोकस भिंग होय. व्यवहारात यांना मॅन्युअल व ऑटोफोकस भिंगे असे म्हटले जाते. बहुतेक ऑटोफोकस भिंगे हातानेही वापरता येतात.

इतिहास

१९७७ साली आलेला कोनिका सी३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा होता. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने ही सोय एसएलआर वर्गात रूढ केली. कॅननने १९८७ मध्ये ईओएस मालिकेत मोटर थेट भिंगात बसवली. निकॉनने मात्र १९५९ पासूनची आपली भिंगजोडणी कायम ठेवली आणि आरंभी मोटर कॅमेऱ्यात ठेवली.

कार्यपद्धती

ऑटोफोकसच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. कलाभेद पद्धतीत भिंगाच्या दोन भागांतून आलेल्या प्रतिमांची तुलना होते. त्यामुळे भिंग कोणत्या दिशेने व किती सरकवायचे हे लगेच कळते. प्रकाशभेद पद्धतीत प्रतिमेतील उजेड-अंधाराचा भेद कमाल होईपर्यंत भिंग पुढेमागे सरकवले जाते. दोन्ही पद्धतींना पुरेसा प्रकाश आणि विषयावर काही तपशील असणे आवश्यक असते.

निवडीचे निकष

क्रीडा, विवाहसमारंभ आणि उडणारे पक्षी अशा हलत्या विषयांसाठी ऑटोफोकस सोयीचे ठरते. ८५ मिमी भिंग एफ/१.८ छिद्रावर २ मीटर अंतरावरील चेहऱ्यावर रोखल्यास फुल-फ्रेम कॅमेऱ्यात स्पष्टतेची खोली जेमतेम ६ सेंमी असते. व्यक्ती किंचित पुढे झुकली तरी डोळे अस्पष्ट होतात. उलट २८ मिमी भिंग एफ/८ छिद्रावर सुमारे ३.३ मीटर अंतरावर रोखल्यास साधारण १.७ मीटरपासून अनंतापर्यंतचे दृश्य स्पष्ट येते. अशा वेळी भिंगावरील अंतरपट्टी पाहून हाताने फोकस ठरवून ठेवणे पुरेसे असते.

खानदेशातील उदाहरणे

चाळीसगाव येथील छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) हे टेबलावर वस्तूंची मांडणी करून टिपलेल्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या कारकिर्दीचा बहुतांश काळ ऑटोफोकसच्या प्रसारापूर्वीचा होता. स्थिर विषय, नियंत्रित प्रकाश व पुरेसा वेळ असल्यास आजही या प्रकारात हस्तचलित फोकस अधिक नेमका ठरतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांतील जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे घेताना तिवईवर कॅमेरा ठेवून, पडद्यावर प्रतिमा मोठी करून फोकस निश्चित करणे योग्य असते.

सुमारे ११३ वर्षे नोंद नसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा आढळला. अशा वनपक्ष्यांचे छायाचित्र घेताना ऑटोफोकस समोरच्या फांदीवर अडकू शकते. म्हणून प्रथम ऑटोफोकसने जवळपास पोहोचून अखेरची दुरुस्ती कड्याने केली जाते. दुर्मीळ पक्ष्याची ओळख पटवण्यासाठी पिसांवरील खुणा स्पष्ट दिसणे आवश्यक असल्याने ही दुरुस्ती महत्त्वाची ठरते.

खरेदी करताना

जुनी हस्तचलित भिंगे सामान्यतः स्वस्त मिळतात. मात्र काचेवर बुरशी नाही ना आणि कडे सहज फिरते ना, हे तपासावे. निकॉन डी३५०० सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली निकॉनची जुनी ऑटोफोकस भिंगे त्यांवर केवळ हातानेच फोकस करता येतात. आरसाविरहित कॅमेऱ्यांत फोकसमधील कडा रंगाने दाखवण्याची सोय असल्याने जुन्या भिंगांचा वापर सोपा होतो.

हे सुद्धा पहा

छायाचित्रण, भिंग, केकी मूस, रानपिंगळा