लालगुडघी टॅरँट्युला (नामनिश्चितीचा घोळ)
पाळीव कोळ्यांच्या व्यापारात ‘मेक्सिकन रेडनी’ या नावाने विकला जाणारा, काळ्या पायांवर नारिंगी-लाल पेरे असलेला कोळी. कुळ थेरॅफोसिडी. या एका नावाखाली दोन जाती वर्षानुवर्षे विकल्या गेल्या.

पिकार्ड-केंब्रिज यांनी १८९७ साली मेक्सिकोतील कोळ्याचे जे वर्णन केले, तोच आजचा ब्रॅकिपेल्मा स्मिथी. बाजारातला प्रत्येक लालगुडघी कोळी पुढे याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९९७ मध्ये हॅमोरी आणि ॲनिथा या आणखी दोन जाती नोंदवल्या गेल्या. मेंडोझा व फ्रँके यांनी २०१७ मध्ये शरीररचना आणि डीएनए तपासून उलगडा केला: छंदिष्टांकडचे ‘स्मिथी’ बहुतांशी हॅमोरी होते, आणि ॲनिथा ही वेगळी जात नसून तोच खरा स्मिथी होता. खरा स्मिथी गेरेरो राज्यातला. हॅमोरी त्याच्या वायव्येकडील मिचोआकान, कोलिमा व हालिस्को राज्यांतला.

हॅमोरीच्या जबड्यांवर समोरून पाहता दोन फिकट तपकिरी पट्टे दिसतात. स्मिथीत ही जोडी नसते. मात्र रंग कात टाकण्याआधी मळकट आणि टाकल्यानंतर झळझळीत दिसतो, त्यामुळे फोटोवरून दिलेला निर्वाळा मानू नये. पिल्लांत तर फरक कळतच नाही. भरवशाची खूण प्रौढ मादीच्या टाकलेल्या कातीत सापडते. साबणाच्या पाण्यात कात मऊ करून पोटाकडचा भाग अलगद उलगडला, की पुढच्या दोन फुप्फुसांच्या मधोमध वीर्य साठवणाऱ्या अवयवाचे अस्तर दिसते. त्याचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. बहुतेक विक्रेते हे करत नाहीत. आधीच्या डबीवरचे नाव नव्या डबीवर चढते. अशाच चिठ्ठ्यांच्या भरवशावर नर-मादी एकत्र सोडल्यास संकर होण्याचा धोका असतो, आणि मग त्या वंशाला कुठलेच नाव नीट लागत नाही. म्हणूनच चिठ्ठीवर जातीच्या नावाइतकेच मूळ ठिकाणही लिहिले पाहिजे. नाव पुढे दुरुस्त करता येते. हरवलेले ठिकाण पुन्हा मिळत नाही.

हा घोळ पाळणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९८५ साली संरक्षण मिळाले ते ‘स्मिथी’ या नावाला, आणि ब्रॅकिपेल्मा ही संपूर्ण प्रजाती त्यानंतर सुमारे दशकभराने परिशिष्टात आली. परिणामी ‘स्मिथी’ नावाच्या जुन्या व्यापारनोंदींत दोन्ही जाती मिसळलेल्या आहेत. गेरेरोतून किती कोळी गेले आणि कोलिमातून किती, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.