महाराष्ट्रातील मुक्त शिक्षणाची वाटचाल : परीक्षा, वेळ, भाषा आणि ग्रंथ

प्रस्तावना

'मुक्त शिक्षण' हा शब्द महाराष्ट्रात सर्वसामान्यपणे १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाशी जोडला जातो. अलीकडच्या दोन दशकांत त्याच शब्दाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला आहे. ज्या शैक्षणिक साहित्याचा वापर, अनुवाद व पुनर्रचना कोणालाही विनापरवानगी करता येते, त्या साहित्यासही 'मुक्त' म्हटले जाते. पहिल्या अर्थाचा संबंध प्रवेशाशी आहे, तर दुसऱ्याचा ज्ञानाच्या मालकीशी. या दोन्ही अर्थांचा विचार बहुधा स्वतंत्रपणे केला जातो. परिणामी मुक्त विद्यापीठ ही ब्रिटनच्या धर्तीवर आलेली व्यवस्था आणि मुक्त साहित्य ही संगणकयुगाची देणगी, असा समज रूढ झाला आहे.

हा समज अपुरा आहे. उच्च शिक्षण महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर नेण्याची मागणी महाराष्ट्रात १८८२ सालीच लेखी स्वरूपात नोंदविली गेली होती. त्यानंतरच्या सुमारे सव्वाशे वर्षांत परीक्षा, वेळ, भाषा आणि ग्रंथ अशी चार दारे क्रमाक्रमाने उघडत गेली. प्रत्येक वेळी असे दिसून आले की, एक दार उघडल्याने पुढचे दार आपोआप उघडत नाही. प्रस्तुत लेखात या क्रमाचा मागोवा घेऊन, चौथे दार अद्याप अर्धवटच का उघडले आहे याचा विचार केला आहे.

१८८२ : महात्मा फुले यांचे निवेदन

१८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. वरच्या वर्गास दिलेले शिक्षण हळूहळू खाली झिरपत जाईल, या गृहीतकाचा प्रभाव तत्कालीन शिक्षणव्यवहारावर होता. या गृहीतकास महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे ऑक्टोबर १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात आव्हान दिले. सरकारी महसुलाचा मोठा वाटा शेतकरी भरतो आणि त्या पैशातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. म्हणून प्राथमिक शिक्षणास अग्रक्रम द्यावा, ही त्यांची मागणी सर्वपरिचित आहे.

या निवेदनाचा उच्च शिक्षणाविषयीचा भाग मात्र तुलनेने कमी अभ्यासला गेला आहे. उच्च शिक्षणातून सरकारने अंग काढून घेण्यास फुले यांचा विरोध होता. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला महाविद्यालयात वा शाळेत न शिकता, खासगी अभ्यास करून बसण्याची मुभा मुंबई विद्यापीठाने दिली होती. तिचे त्यांनी स्वागत केले आणि बी.ए., एम.ए. सारख्या वरच्या परीक्षांनाही ती लागू करावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. अनेकांना नाना कारणांनी महाविद्यालयात राहून शिकणे अशक्य असते; खासगी अभ्यासास मान्यता दिल्यास ज्ञानाचा प्रसार होईल आणि उच्च शिक्षणावरील सार्वजनिक खर्चाचा भारही हलका होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रवेश परीक्षेची पुस्तके मद्रास व बंगालप्रमाणे सरकारी गॅझेटमध्ये प्रसिद्ध करावीत, अशीही त्यांची सूचना होती.

या दोन मागण्या एकत्र वाचणे महत्त्वाचे आहे. पदवी मिळविण्यासाठी महाविद्यालयातील उपस्थितीची अट नसावी, ही पहिली. काय अभ्यासावयाचे हे सर्वांना उघडपणे कळावे, ही दुसरी. आजच्या परिभाषेत पहिलीला मुक्त प्रवेश आणि दुसरीला मुक्त अभ्यासक्रम असे म्हणता येईल. याच निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, असाही आग्रह होता. ज्ञान कोणाला मिळते याइतकेच ते कोण देतो हेही समावेशकतेसाठी निर्णायक आहे, याची जाणीव त्यामागे होती.

पहिले दार : परीक्षा

फुले यांनी मागितलेली सवलत पूर्णांशाने मिळण्यास दीर्घ काळ जावा लागला. स्वातंत्र्योत्तर काळात पुणे विद्यापीठासारख्या विद्यापीठांतून बहिःस्थ विद्यार्थी म्हणून पदवी परीक्षेस बसण्याची सोय झाली. नोकरी सांभाळून पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांना तिचा आधार मिळाला. परंतु या व्यवस्थेत विद्यापीठ केवळ परीक्षकाची भूमिका बजावीत होते. विद्यार्थ्याने काय वाचावे, कोठून मिळवावे आणि अडल्यास कोणाला विचारावे, याचे उत्तर तिच्यात नव्हते. बाजारातील मार्गदर्शके ही पोकळी भरून काढू लागली.

या उणिवेवर उपाय म्हणून पत्रद्वारा शिक्षणाचा पुरस्कार झाला. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर १९६२ साली दिल्ली विद्यापीठात पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली हा मार्ग स्वीकारला. टपालाने पाठ पाठविण्याची ही पद्धती म्हणजे परीक्षेच्या जोडीला अध्यापन घराघरांत नेण्याचा पहिला संघटित प्रयत्न होय.

दुसरे दार : वेळ

दरम्यान काही शिक्षणसंस्थांनी महाविद्यालयाची चौकट न मोडता ती श्रमिकांच्या दिनक्रमाशी जुळवून घेतली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथील सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करणाऱ्या तरुणांना पदवीचे शिक्षण शक्य झाले. १९५० साली याच संस्थेने औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय काढले आणि उच्च शिक्षणाची गंगा मराठवाड्यातील वंचित समाजापर्यंत पोहोचविली.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचा मार्ग वेगळा होता. 'कमवा व शिका' या तत्त्वामुळे श्रम हा शिक्षणातील अडथळा न राहता शिक्षणाचे साधन बनला. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने १९४७ पासून हेच तत्त्व उच्च शिक्षणात आणले. या दोन्ही प्रयोगांतील समान सूत्र असे की, विद्यार्थ्याने संस्थेच्या सोयीनुसार बदलावे, ही अपेक्षा त्यांनी उलट केली आणि संस्थेला विद्यार्थ्याच्या जीवनक्रमानुसार बदलण्यास लावले.

तिसरे दार : भाषा

परीक्षा व वेळ यांची बंधने सैल झाली तरी ज्ञान जर परक्या भाषेत बंदिस्त असेल, तर प्रवेशाचा उपयोग मर्यादितच राहतो. मुंबई विद्यापीठाच्या प्रारंभीच्या परीक्षांत मराठीला असलेले स्थान पुढे गेले. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रयत्नांनंतर विसाव्या शतकाच्या आरंभी ती एम.ए. च्या परीक्षेत परतली, परंतु एक विषय म्हणून, माध्यम म्हणून नव्हे.

माध्यमाचा प्रश्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने ऐरणीवर आणला. इंग्रजी हा विषय कायम ठेवून मातृभाषेतून पदवीपर्यंतचे शिक्षण, हे या विद्यापीठाचे धोरण होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाख रुपयांच्या देणगीने त्यास स्थैर्य मिळाले. तथापि कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. मातृभाषेतील पदवीला राजमान्यता मिळण्यास ३५ वर्षे लागली, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

मातृभाषेतून शिकवावयाचे तर त्या भाषेत संदर्भग्रंथ हवेत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी भागधारक व वर्गणीदार यांच्या बळावर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा प्रचंड उद्योग १९२० च्या दशकात २३ खंडांत तडीस नेला. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर शासनाने ही जबाबदारी अंगावर घेतली. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड वाचकांच्या हाती आला. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि नागपूर येथील महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची पाठ्यपुस्तके यांनी पदवी स्तरावरील मराठी परिभाषा घडविली. पुढे दूरशिक्षणाला जी मराठी उपलब्ध झाली ती या पायाभरणीमुळे, हे लक्षात घेतले पाहिजे.

संगम : मुक्त विद्यापीठ

ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठ १९६९ साली, हैदराबाद येथील आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ १९८२ साली आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले. महाराष्ट्रात जुलै १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. 'ज्ञानगंगा घरोघरी' या ब्रीदवाक्याने या विद्यापीठाने परीक्षा, वेळ व भाषा ही तिन्ही दारे एकाच संस्थेत उघडली. बारावी उत्तीर्ण नसलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम, गावोगावची अभ्यासकेंद्रे, मराठीतील स्वयं-अध्ययनाची पुस्तके आणि शेतीसारख्या व्यवसायाला शिक्षणक्रमात मिळालेले स्थान ही त्याची वैशिष्ट्ये होत. शिक्षण अर्धवट सुटलेल्या गृहिणी, शेतकरी व कामगार यांना पदवीचा मार्ग त्यामुळे खुला झाला. फुले यांची पहिली मागणी १०७ वर्षांनी संस्थारूप झाली, असे म्हणता येईल.

चौथे दार : ग्रंथ

प्रवेश मुक्त झाला, ग्रंथाचे काय? भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कोणतेही लेखन निर्माण होताच त्यावर सामान्यतः लेखकाचा हक्क स्थापित होतो. त्यासाठी नोंदणीची गरज नसते. हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. डॉ. केतकर यांचे निधन १९३७ साली झाल्याने त्यांचे लेखन आता सर्वांचे झाले आहे. परंतु आज एखाद्या प्राध्यापकाने लिहिलेल्या टिपणांचा दुसऱ्या महाविद्यालयातील सहकाऱ्याने सुधारून वापर करावा, अशी मूळ लेखकाची मनापासून इच्छा असली, तरी स्पष्ट परवान्याअभावी तसे करता येत नाही.

या अडचणीवरील उत्तर एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी पुढे आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २००१ साली आपले पाठ्यसाहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली. २००२ साली बुडापेस्ट येथील जाहीरनाम्याने संशोधनपर लेखनाच्या मुक्त उपलब्धतेची मागणी केली. त्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधने' ही संज्ञा स्वीकारली गेली आणि वर्षअखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. २०१९ साली युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने याविषयीची शिफारस संमत केली. भारतात २००३ साली सुरू झालेला एनपीटीईएल प्रकल्प आणि २०१७ साली सुरू झालेले 'स्वयम्' हे या दिशेचे मोठे टप्पे होत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केल्याने 'शोधगंगा' हे भांडार उभे राहिले.

तथापि या टप्प्यावर जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. तंत्रशास्त्राची खुली व्याख्याने मुख्यतः इंग्रजीत आहेत. चौथे दार उघडताना तिसरे पुन्हा बंद झाल्याचा अनुभव मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला येतो. मराठी विश्वकोशाचे २० खंड संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळणे, १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ होणे आणि आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त परवान्याखालील पाठ मराठीतही आणणे, ही या संदर्भातील आश्वासक उदाहरणे होत.

दुसरी अडचण लिपीच्या तंत्राची आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी, आणि त्यानंतरही, मराठीतील असंख्य पुस्तके व टिपणे विशिष्ट संगणकीय फाँटमध्ये अक्षरजुळणी करून तयार झाली. असा मजकूर संगणकावर शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक-प्रणालीला तो उच्चारताही येत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुगम प्रती तयार करण्याची मुभा दिली. दृष्टिहीनांसंबंधीच्या २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. कायद्याने दार उघडले आहे. अक्षरजुळणीच्या जुन्या सवयीने ते अडवून धरले आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मुक्त शिक्षणाची कल्पना महाराष्ट्रात केवळ बाहेरून आलेली नाही. १८८२ च्या निवेदनात प्रवेश, अभ्यासक्रमाची उघड प्रसिद्धी आणि शिक्षकाची सामाजिक पार्श्वभूमी या तिन्ही बाबींची मागणी आढळते.

२. परीक्षा, वेळ, भाषा व ग्रंथ या चार बाबी परस्परावलंबी आहेत. बहिःस्थ परीक्षेने अध्यापन दिले नाही आणि खुल्या व्याख्यानांनी भाषा दिली नाही. एकाच बाबीवर भर दिल्यास वंचितता नाहीशी न होता केवळ आपले स्थान बदलते.

३. फुले यांची तिसरी अपेक्षा आजही अपुरी आहे. ज्या समाजघटकांना मुक्त शिक्षणाने वाचक व पदवीधर केले, त्यांतील फारच थोडे जण पाठ्यसाहित्याचे लेखक झाले. ज्ञान घेणारा ज्ञान घडविणारा होणे, हीच समावेशकतेची खरी कसोटी होय.

या कसोटीस उतरण्यासाठी लागणारी साधने महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या हाती आहेत. टिपणे युनिकोडमध्ये लिहिणे, त्यांवर पुनर्वापराचा परवाना स्पष्टपणे नमूद करणे, परिभाषा कोशांतील संज्ञांचा अवलंब करणे आणि लोकव्यवसाय, बोली व स्थानिक इतिहास यांविषयीच्या नोंदी विद्यार्थ्यांकडून लिहून घेणे यांसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. पहिली तीन दारे उघडण्यास कायदे, देणग्या व संस्था लागल्या. चौथे दार उघडणे हे बव्हंशी अध्यापकाच्या निर्णयावर अवलंबून आहे.