सैमूरचे दहा हजार

नगरचा भुईकोट किल्ला पाहून सहलीची बस परत निघाली तेव्हा सहावीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, आपले लोक इथे कुठून आले?" मी तोंड उघडण्याआधीच मागच्या बाकावरच्या एका पोराने उत्तर दिले, "घोड्यावर बसून, तलवार घेऊन!" सगळी बस हसली. मीही हसले, पण बेलापूर येईपर्यंत ते उत्तर डोक्यातून गेले नाही. प्रवरेकाठच्या आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर समुद्रावर आहे, हे त्यांना कोण सांगणार?

भूमध्य समुद्रावर इजिप्तचे इस्कंदरिया, म्हणजे अलेक्झांड्रिया, हे फार जुने बंदर. दोन हजार वर्षांपूर्वी तिथला माल नाईल नदीतून वर जाई, मग उंटांवर वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावर पोहोचे आणि मोसमी वाऱ्यावर शिडे सोडून जहाजे आपल्या किनाऱ्याला लागत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने या वाटेवरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. तीत कल्याणच्या पाठोपाठ 'सेमिल्ला' येते. पुढच्या शतकात खुद्द इस्कंदरियात बसून टॉलेमीने 'सिमिल्ला' लिहिले. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारे लोक आपले गाव 'चेमुल' सांगतात. अरबांनी त्याला 'सैमूर' म्हटले. हे सगळे एकच गाव : रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्यातले, कुंडलिकेच्या मुखाजवळचे चौल.

हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, बगदादचा अल-मसूदी इथे आला. त्याने लिहिले आहे की सैमूरला दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले काही, आणि काही 'बयासिरा', म्हणजे याच भूमीत मुसलमान आई-बापांच्या पोटी जन्मलेले. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. अकराशे वर्षांपूर्वी चौलला अशी पिढी नांदत होती, जिला 'कुठून आलात' असे विचारले असते तर तिने गल्लीकडे बोट दाखवले असते. राजा शिलाहारांचा झंझ, आणि त्याच्यावर राष्ट्रकूट सम्राट, ज्याला अरब 'बल्हरा' म्हणत. मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाचे नाव 'हुनरमन'. 'हुनर' आमच्या पहिलीतल्या पोरालाही कळते. मशिदी होत्या, जुम्याची नमाज होत होती, आणि तलवारीचा कुठे उल्लेख नाही.

हे एकट्या अरब प्रवाशाचे कौतुक म्हणावे तर पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके 848 चा ताम्रपट आहे. तो संस्कृतात आहे. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा 'ताजिक', म्हणजे अरब, अधिकारी त्यात येतो. त्याचे नाव 'मधुमती' असे कोरले आहे. मुहम्मदचे मधुमती! त्याने नदीवर नावा सुरू केल्या, वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र घातले आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठाला जमीन मिळवून दिली.

आता नगरकडे येऊ. 1490 मध्ये मलिक अहमद स्वतंत्र झाला आणि 1494 मध्ये त्याने अहमदनगर वसवले. (2024 पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे.) त्याचा बाप मलिक हसन जन्माने ब्राह्मण, हे फरिश्त्यानेच लिहून ठेवले आहे. म्हणजे बसमधल्या पोराचे उत्तर ज्याचे राज्य त्यालाच लागू पडत नाही! या घाटावरच्या राज्याचा समुद्राकडचा दरवाजा होता चौल.

1498 मध्ये वास्को द गामा आला आणि इस्कंदरियाच्या मसाल्याच्या व्यापारावर घाला पडला. म्हणून इजिप्तच्या मामलुक सुलतानाने आरमार धाडले. मार्च 1508 मध्ये चौलच्या खाडीतच अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या मुलाला, लोरेन्सोला, हरवले आणि तो लढताना मेला. पुढच्याच वर्षी दीवला मामलुक हरले. 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना चौलला किल्ला बांधू दिला. त्याच किल्ल्याला 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने वेढा घातला आणि तो फसला. 1594 मध्ये समोरचे कोर्लईही गेले. 1740 मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आले. तोवर मुंबईने व्यापार ओढून नेला होता आणि खाडीत गाळ साचत होता.

इस्कंदरिया आज लाखो वस्तीचे शहर आहे. चौल मात्र नारळी-पोफळीच्या वाड्यांत लपलेले गाव. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे गेले. हमामखान्याच्या भिंतींवर झाडे उगवली आहेत. रेवदंड्याला पोर्तुगीज तटाच्या आतच लोकांची घरे आणि वाड्या आहेत. मधोमध 'सातखणी' मनोरा पडायला टेकल्यासारखा उभा. बेने इस्राईल लोकांचे सिनेगॉग आहे, पण त्यातले बहुतेक 1948 नंतर इस्राईलला गेले. टेकडीवर दत्ताचे देऊळ, मार्गशीर्षात मोठी जत्रा भरते. पूल ओलांडून कोर्लईला गेले तर ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीज-मराठी मिसळून झालेली बोली बोलतात. तिला ते 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. चौलच्या मशिदीजवळ भेटलेल्या एका चाचांनी मला विचारले, "कुठल्या तुम्ही?" मी म्हटले, "नगरकडच्या." ते म्हणाले, "मग आमच्याच की."

शाळा उघडल्यावर फळ्यावर नकाशा काढला. इस्कंदरियापासून चौलपर्यंत निळी रेघ, तिथून घाट चढून जुन्नर, जुन्नरहून नगर. मागच्या बाकावरचा तो पोरगा शेवटपर्यंत ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "पण टीचर, घोडे तर आले होते ना?"

आले होते. होर्मुझहून, चौललाच, जहाजात बसून.