सापाचें पिलूं आणि अंड्याची ऊब

नागपंचमी जवळ आली कीं कोल्हापूर-सांगलीकडील लोकांच्या तोंडीं बत्तीस शिराळ्याचें नांव येतेंच. पूर्वीं तेथें सणाच्या आधीं रानांतून आणि बांधांतून नाग धरून आणीत, मडक्यांत ठेवीत आणि पूजा झाल्यावर पुन्हां सोडून देत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निर्णयानें त्या प्रथेस आळा बसला. धर्म, कायदा आणि मुक्या प्राण्याचे हाल यांविषयीं त्या निमित्तानें पुष्कळ वाद झाला. त्या वादांत एक गोष्ट मात्र सहसा मागें राहते. आषाढ हा नागिणीच्या अंड्यांचाही काळ आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस ती बिळांत किंवा वारुळांत अंडीं घालते आणि त्यांच्यापाशीं राखण करीत राहते. कुदळीनें बीळ फोडून तिला बाहेर काढलें, म्हणजे मागें राहिलेल्या अंड्यांची ओल उडते आणि ऊबही पालटते. अशा अंड्यांतून पिलें निघालींच, तर तीं कशीं निघतील?

सर्पांच्या अंड्यांविषयीं आपल्या पूर्वजांनाही कुतूहल होतें. अग्निपुराणांत सर्पिणीच्या गर्भधारणेचे महिने सांगितले असून अंड्यांची संख्या २४० दिली आहे! नागिणीचीं अंडीं प्रत्यक्षांत दहा-वीस, फार तर तीसएक असतात. पण पुराणकाराला हंसण्याचें कारण नाहीं. वारुळांत हात घालून अंडीं मोजण्यास कोण धजणार?

उबेचा खरा शोध लागला तो अजगरापासून. हिंदुस्थानांत फिरून गेलेल्या लामार-पीको नामक फ्रेंच प्रवाशानें १८३० नंतरच्या दशकांत पॅरिसच्या विद्वानांना सांगितलें कीं, अजगराची मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून खुडूक कोंबडीप्रमाणें त्यांना ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी दुसऱ्यास ऊब कोठून देणार, असें म्हणून त्या विद्वानांनीं त्याचें म्हणणें झिडकारलें. पुढें १८४१ सालीं पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयांत ब्रह्मी अजगराच्या एका मादीनें मे महिन्यांत अंडीं घातलीं आणि जुलैच्या आरंभीं पिलें बाहेर आलीं. मधल्या काळांत व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञानें तिच्या वेटोळ्यांत उष्णतामापक ठेवून पाहिला, तों आंतील उष्णता बाहेरच्याहून अधिक! प्रवाशाचें बोलणें खरें ठरलें. ही ऊब येते कोठून, याचा उलगडा होण्यास मात्र आणखी सव्वाशें वर्षें लागलीं. १९६६ सालीं हचिसन, डाउलिंग व व्हिनेगर या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, भोंवतालची उष्णता ३३ अंश सेंटिग्रेडच्या खालीं उतरली, म्हणजे मादीचे स्नायू राहून राहून आचके देऊं लागतात आणि त्यायोगें तिचें अंग तापतें. माघांतल्या पहांटे नदीवर स्नान करून आलेला माणूस कुडकुडतो, तसाच हा प्रकार म्हणावयाचा. नागिणीस ही विद्या नाहीं. तिच्या अंड्यांना ऊब मिळते ती मातीची.

इतकी यातायात कशासाठीं, हें व्हिनेगर यानेंच १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून समजलें. अजगराचीं अंडीं त्यानें निरनिराळ्या उष्णतेंत उबविलीं. ज्या अंड्यांस ऊब कमी पडली, त्यांतील पिलांच्या कण्यांत व्यंग आढळलें आणि अंगावरील रंगांची नक्षीही बिघडली. आईबाप तेच, रक्त तेंच. चार-दोन अंशांच्या फरकानें पिलाचें रूप पालटलें.

सर्पशास्त्रापुढें असाच एक पेंच त्याआधींच उभा राहिला होता. मुंबईची निसर्गेतिहास संस्था १८८३ सालीं निघाली. तिच्या नियतकालिकांत फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरानें विसाव्या शतकाच्या आरंभापासून हिंदी सर्पांवर लेखमाला लिहिली. साप ओळखावयाचा तर त्याचे खवले मोजावे, हा वॉलसाहेबांचा खाक्या, आणि तो आजही उपयोगी पडतो. परंतु १९४८ सालीं वेड फॉक्स यानें एका अमेरिकन जातीच्या, पिलें देणाऱ्या सापाच्या गाभण माद्या कमी-अधिक उष्णतेंत ठेवल्या, तेव्हां त्यांच्या पिलांच्या खवल्यांच्या संख्येंतच भेद पडला. ज्या मोजणीवर जातींचे भेद ठरवावयाचे, तिच्यांतही उबेचा हात होता.

ओलीचें काम निराळें. सापाच्या अंड्याचें कवच कोंबडीच्या अंड्यासारखें कडक नसतें; तें चामड्यासारखें असून पाणी शोषून घेतें. गुट्झ्के व पॅकार्ड यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ओलसर जागीं उबविलेलीं पिलें मोठीं निघालीं, कोरड्या जागचीं लहान.

म्हणून सारेंच उबेच्या माथीं मारावयाचें नाहीं. मगरीचें पिलूं नर कीं मादी, हें घरट्याच्या उष्णतेवर ठरतें. सापाचें तसें नाहीं, तें रंगसूत्रांवर ठरतें. पांढरा नाग निघाला कीं दर्शनास गर्दी लोटते, तो पांढरेपणाही सहसा वंशांतूनच आलेला असतो. परदेशांत अजगर घरीं पाळण्याचा शोक आहे, आणि निराळ्या नक्षीच्या पिलास मोठी किंमत येते. उबेनें पडलेली नक्षी पुढच्या पिढींत उतरत नाहीं, हें गिऱ्हाइकास फार उशिरां कळतें. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें देशी अजगरांच्या बाबतींत हा शोक करतां येत नाहीं, हें बरेंच झालें.

पण आपली अडचण शोकाची नसून ओळखीची आहे. खेड्यांतला माणूस मण्यार ओळखतो पट्ट्यांवरून आणि नाग ओळखतो फणीवरल्या दहाच्या आंकड्यावरून. बिनविषारी कवड्यास मण्यार समजून मारणें आणि मण्यारीस कवड्या समजून हातीं धरणें, दोन्ही घडतें. त्यांत पट्टेच चुकलेलें एखादें पिलूं समोर आलें तर? नागाचें पिलूं अंड्यांतून येतें तेंच विष घेऊन. चंदगड तालुक्यांतील ढोलगरवाडीस बाबूराव टक्केकर या शिक्षकानें शाळेंत सर्पशाळा उभी केली आणि नागपंचमीस लोकांना साप दाखवून त्यांची ओळख करून देण्याचा उद्योग चालविला, तो याच गरजेपोटीं.

नांगरतांना किंवा पाया खणतांना अंडीं उघडीं पडलींच, तर जवळपास मादी असेल हें आधीं ध्यानीं घ्यावें. दूर उभें राहून वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावें, आणि अंडीं उलटींपालटीं न करतां, वरची बाजू वरच ठेवून, त्याच्याच हातून हलवावीं.